पायांच्या फुगलेल्या शिरा: आनुवंशिकता किती, आणि उपचार ठरवताना तिचा उपयोग काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायांवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा, हा विषय आपल्याकडे ‘पाय विद्रूप दिसतात’ एवढ्यावर तरी संपतो, नाही तर ‘आमच्या घराण्यातच आहे, त्याला काय करणार’ असे म्हणून सोडून दिला जातो. हे दुसरे वाक्य मी माहेरी लहानपणापासून ऐकत आले. आजीच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडून लाकडासारखी ताठ झाली होती, तिथली जखम भरायची आणि पावसाळ्यात पुन्हा उघडायची. तिचा संबंध पोटरीवरच्या शिरांशी असेल, हे घरात कोणाच्याही मनात आले नाही. मी जीवशास्त्र शिकवते, वैद्यक नव्हे. पण या विषयावरचे संशोधन मन लावून वाचत आले आहे, आणि जाणकारांनी त्यात भर घालावी म्हणून हा धागा काढते आहे.

माझे म्हणणे असे की, या विकारात आनुवंशिकता खरीच आहे. मात्र उपचार तिच्यावरून ठरत नाही. रक्त नेमक्या कोणत्या शिरेत उलटे वाहते आहे, यावरून तो ठरतो. म्हणून ‘घराण्यातच आहे’ हे वाक्य लवकर तपासणी करून घेण्याचे कारण व्हायला हवे, आणि आपण ते नेमके उलट्या कामासाठी वापरतो.

थोडे मुळापासून सांगते. उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचे सगळे वजन तिथे येते. चालू लागल्यावर पोटरीचे स्नायू आवळतात, रक्त वर ढकलले जाते, आणि शिरांमधल्या नाजूक झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. त्यामुळे हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या, किंवा शिरेची भिंत सैल पडून झडपेचे दोन पडदे एकमेकांपर्यंत पोहोचेनासे झाले, की चालतानाही दाब उतरत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत जाणाऱ्या लांब शिरेत हे सर्वाधिक वेळा घडते.

आता आनुवंशिकतेचा पुरावा. १९९४ साली फ्रान्समध्ये १३४ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आई आणि वडील दोघांनाही हा विकार असेल तर अपत्याला तो होण्याचा धोका ९० टक्के, दोघांपैकी एकालाच असेल तर मुलीला ६२ आणि मुलाला २५ टक्के, आणि दोघांनाही नसेल तर २० टक्के, असे त्यात आढळले. पुढे जनुकांचा शोध सुरू झाला. फॉक्स-सी-टू हे जनुक बिघडलेल्या माणसांच्या पायांच्या शिरांमध्ये झडपा निकामी असतात, हे २००७ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. तो दुर्मीळ आजार आहे, परंतु झडपेची घडण जनुकांवर किती अवलंबून असते हे त्यातून स्वच्छ दिसले.

२०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या माहितीसंग्रहातील सुमारे पाच लाख व्यक्तींची माहिती तपासून या विकाराशी निगडित अशा ३० जनुकीय जागा नोंदवल्या, आणि २०२२ साली ऑक्सफर्डच्या गटाने ती संख्या ४६ वर नेली. त्यांतले पीझो-वन हे जनुक मला विशेष वाटते. त्याच्यापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणात बसून दाब आणि ताण ओळखते. दाब ओळखणाऱ्या याच प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ज्या विकाराचा सगळा प्रश्नच दाबाचा आहे, त्यात दाब ओळखणारे जनुक सापडावे, यात एक सुसंगती आहे. २०१८ च्या अभ्यासाने उंचीही धोका वाढवते असे दाखवले, आणि हा केवळ योगायोगाचा संबंध नसून कार्यकारणाचा आहे याला जनुकीय पद्धतीनेच आधार दिला. उंची हीदेखील बरीचशी वारशानेच येते, हे विसरू नये.

शल्यपथिक

ताई, धागा फार आवश्यक होता. मी शल्यचिकित्सक आहे आणि यांतले बरेचसे रुग्ण माझ्याकडे जखम झाल्यावरच येतात, म्हणून उपचारांबद्दल सविस्तर लिहितो.

रुग्णाने पहिल्यांदा करून घ्यायची गोष्ट म्हणजे पायांच्या शिरांची कलर डॉपलर सोनोग्राफी, आणि तीही उभे राहून. झोपवून केलेल्या तपासणीत उलटा प्रवाह लपून राहू शकतो. रुग्णाला एका पायावर भार देऊन उभे करतात आणि दुसऱ्या पायाच्या जांघेशी यंत्राची मूठ टेकवतात. मग तपासणारा हाताने पोटरी दाबतो: पडद्यावर शिरेत निळा रंग सरकतो, यंत्रातून हवेच्या झोतासारखा आवाज येतो. पोटरी सोडली की निरोगी शिरेत आवाज जागच्या जागी तुटतो. झडप बिघडलेली असेल तर त्याच शिरेत लाल रंग भरतो आणि आवाज लांबत राहतो. हा उलटा प्रवाह वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकला तर तो विकार मानतात. अनेक रुग्णांना स्वतःच्या आजाराचे स्वरूप या क्षणी पहिल्यांदा समजते, म्हणून पडदा त्यांच्याकडे वळवून ठेवावा असा माझा आग्रह असतो.

हा नकाशा हाती आल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. मुख्य शीर बिघडलेली असेल तर ती आतून बंद करावी लागते. त्यासाठी लेझरची तार किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीची नळी गुडघ्याजवळून शिरेत घालतात, शिरेभोवती भूल देणारे थंड द्रावण भरतात, आणि उष्णता देत नळी मागे घेतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत हे तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस असते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. लहान, वळणदार शिरांमध्ये औषधाचा फेस टोचतात. काही ठिकाणी वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवतात. मांडीत छेद घेऊन शीर बांधण्याची शस्त्रक्रिया फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. पुढे शीर ओढून काढण्याची पद्धत आली, आणि ती आजही काही रुग्णांसाठी योग्य ठरते.

‘शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पायातले बहुतांश रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधूनच वर जाते. बिघडलेली वरवरची शीर ते काम करत नसते, उलट भार वाढवत असते. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री आधी करावीच लागते.

आनुवंशिकतेबद्दल एवढेच सांगतो की, जनुक कोणतेही असले तरी वरचे कोणतेही उपचार त्यानुसार बदलत नाहीत. पण ‘आई-वडिलांना होते का?’ हे मी नेहमी विचारतो, कारण त्यावरून पुढची अपेक्षा नीट सांगता येते. आपण एक शीर बंद करतो. बाकीच्या शिरांच्या भिंती त्याच माणसाच्या असतात. काही वर्षांनी दुसऱ्या शिरेत बिघाड दिसला तर तो पहिला उपचार फसल्याचा पुरावा नव्हे, हे रुग्णाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

निवृत्त_वाहक

एस.टी.त वाहक म्हणून आयुष्य उभ्याने गेले. माझ्याबरोबरच्या अनेकांच्या पायांना हा त्रास होता, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी आधी कोणालाही नव्हता. मग दोष जनुकांना द्यायचा की नोकरीला? शिवाय आपल्याकडे धंदाही वारशाने येतो. ज्याचे वडील केशकर्तनालयात दिवसभर उभे राहिले, तो मुलगाही तिथेच उभा राहतो. आचाऱ्याचा मुलगा भट्टीपाशी उभा राहतो. दोघांचेही पाय बिघडले, तर ते रक्तातून आले की कामातून, हे कोणी कसे सांगायचे?

कृष्णाकाठ

काका, आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

वर मी दिलेला ९० टक्क्यांचा आकडा जाहिरातींतून आणि दवाखान्यांच्या पत्रकांतून सर्रास वापरला जातो. तो ज्या अभ्यासातून आला, त्यात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांची आणि त्यांच्या आई-वडिलांची तुलना विकार नसलेल्या लोकांच्या कुटुंबांशी केली होती. कुटुंबात साम्य दिसते एवढेच अशा तुलनेतून कळते. ते साम्य जनुकांचे, की एकाच घरातल्या राहणीचे, आहाराचे आणि आपण म्हणता त्या धंद्याचे, याची फोड तिच्यातून होत नाही. याउलट २०१० साली जर्मनीत १६,४३४ व्यक्तींच्या कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे १७ टक्के निघाला.

हे दोन आकडे एकमेकांना खोडून काढतात असे वरवर वाटेल, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला सांगतो की विशिष्ट आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या व्यक्तीला विकार होण्याची शक्यता किती. दुसरा सांगतो की सगळ्या समाजात एकाला विकार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, या फरकातला किती भाग जनुकीय फरकामुळे आहे. आनुवंशिकता १७ टक्के याचा अर्थ माझ्या एकटीच्या पायातला १७ टक्के बिघाड आईकडून आला, असा होत नाही. समाजातल्या लोकांची कामे आणि राहणी बदलली तर हा आकडाही बदलतो.

म्हणून जनुके की नोकरी, अशी निवड मी करणार नाही. कमकुवत झडपा घेऊन जन्मलेला माणूस बसून-चालून काम करत असेल तर तो अनेक वर्षे निभावून नेतो. तोच माणूस रोज आठ-दहा तास एका जागी उभा राहिला तर त्याचा विकार लवकर उघड होतो. वय, गर्भारपण आणि वजन यांचेही असेच. जनुके आज बदलता येत नाहीत, उभे राहण्याचे तास बदलता येतात. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी केरळात त्यासाठी झगडा दिला होता. शिरांच्या आरोग्याच्या दृष्टीने मी त्या कायद्यांना जनुकांच्या कोणत्याही शोधाइतकेच महत्त्व देते.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे आणि पायांच्या जखमांच्या पट्ट्या बांधणे हेच माझे रोजचे काम आहे. इथल्या नाइस या संस्थेने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात क्रम स्पष्ट केला आहे: आधी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते शक्य नसेल तर फेसाची इंजेक्शने, तेही नसेल तर शस्त्रक्रिया, आणि यांपैकी काहीच योग्य नसेल तेव्हाच कायमचे घट्ट मोजे. म्हणजे मोजे हा उपचाराला पर्याय मानलेला नाही. भारतातल्या माझ्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे नुसते मोजे घालून बसवलेले मी पाहते, तेव्हा वाईट वाटते.

ज्यांना जखम झाली आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरा या ब्रिटिश चाचणीत ४५० रुग्ण होते. सर्वांना दाबपट्टी बांधली होती. निम्म्यांची बिघडलेली शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, उरलेल्यांच्या बाबतीत जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबले. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली, दुसऱ्यात तेवढ्यालाच ८२ दिवस लागले. कृष्णाकाठ, आपल्या आजींच्या काळात हे उपलब्ध नव्हते, पण आज कोणत्याही आजीची जखम ‘वयामुळे भरत नाही’ असे म्हणून सोडून देऊ नये.

दाबपट्टी किंवा घट्ट मोजे सुरू करण्याआधी पायाच्या रोहिण्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या पायात तो आधीच कमी असेल, तर घट्ट पट्टीने पाऊल धोक्यात येऊ शकते.

हिरवी_वाट

माझ्या आईचे आणि दोन्ही मावशांचे पाय असे आहेत. मला सहावा महिना चालू आहे आणि उजव्या मांडीवर शिरा दिसू लागल्या आहेत. आतापासून मोजे घातले तर पुढचे टळेल का? बाळंतपणानंतर लगेच लेझर करून घ्यावे का?

शल्यपथिक

मोज्यांनी पायांची सूज आणि जडपणा कमी होतो, म्हणून ते जरूर घाला. त्यांनी नव्या शिरा फुगण्याचे टळते असे मात्र सिद्ध झालेले नाही. गर्भारपणात रक्ताचे आकारमान वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात आणि गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर येतो. प्रसूतीनंतर ही तिन्ही कारणे दूर होतात आणि बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात, म्हणून काही महिने थांबून मगच डॉपलर करावी आणि उरलेल्या बिघाडाचा विचार करावा. गर्भारपणात शिरा बंद करण्याचे उपचार, अगदी अपवाद सोडला तर, करत नाहीत. एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखून गरम लागली किंवा धाप लागली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ती खोल शिरेतली गुठळी असू शकते आणि गर्भारपणात तिची शक्यता वाढलेली असते. आईला किंवा मावशीला पूर्वी अशी गुठळी झाली होती का, हे आज घरी विचारून घ्या आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

विमापत्र

विमाक्षेत्रात काम करतो म्हणून एक मुद्दा मांडतो. अनेक आरोग्य विम्यांमध्ये व्हेरिकोज व्हेन्स आणि त्यांच्या जखमा यांना २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाल असतो. तो या विकाराच्या नावाने असतो, आनुवंशिकतेच्या नावाने नव्हे. काही रुग्णांना भीती वाटते की डॉक्टरांनी कागदावर ‘कौटुंबिक इतिहास आहे’ असे लिहिले तर दावा नाकारला जाईल. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका खटल्यात ‘जनुकीय विकार’ असा मोघम अपवाद भेदभावाचा ठरवला, आणि त्यानंतर मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने अशा अपवादाच्या आधारे दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना कळवले. तेव्हा घराण्याची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. पॉलिसी घेताना मात्र स्वतःला झालेला त्रास प्रामाणिकपणे नोंदवावा.

सागरतळ

हल्ली लाळेचा नमुना पाठवून जनुकीय अहवाल मिळतो. त्यात ‘व्हेरिकोज व्हेन्सचा धोका’ असाही रकाना असतो म्हणतात. मुलांची अशी तपासणी करून घेण्यात काही अर्थ आहे का?

कृष्णाकाठ

माझ्या मते नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की सापडलेल्या प्रत्येक जनुकीय जागेचा वाटा अगदी थोडा असतो. शेकडो बारीक फरकांची बेरीज करून जो गुणांक काढतात, तो मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासात उपयोगी पडतो. एका मुलाला पुढे काय होईल हे त्यातून नेमके कळत नाही. दुसरे कारण आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ही बहुतेक माहिती यूके बायोबँकेसारख्या संग्रहांतून आली आहे, आणि तिथले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. त्यांच्यावर बसवलेला गुणांक भारतीयांना तसाच लागू पडेल असे मानता येत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या जनुकसंचांच्या जोडीला पायांची डॉपलर तपासणी झालेले भारतीय रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले जातील तेव्हाच या प्रश्नाचे आपले उत्तर मिळेल. तोवर आजी-आजोबांच्या पायांची नीट विचारपूस हीच स्वस्त आणि अधिक भरवशाची चाचणी आहे.

शल्यपथिक

सहमत. तरी काही थोड्या रुग्णांमध्ये आनुवंशिकतेने माझा निर्णय खरोखरच बदलतो, ते इथे नोंदवून ठेवतो.

तिशीच्या आत, आणि स्त्री असेल तर मूल होण्याआधीच, ठळक शिरा फुगल्या असतील, कातडी पातळ असून जराशाने काळे-निळे डाग पडत असतील, आणि घरात कोणी तरुणपणी रोहिणी किंवा आतडे फुटून अचानक गेले असेल, तर एहलर्स-डॅनलॉस या विकाराचा रक्तवाहिन्यांचा प्रकार मनात आणावा लागतो. त्यात तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे जनुक बिघडलेले असते, रक्तवाहिन्या ठिसूळ असतात, आणि अशा रुग्णावर घाईने शस्त्रक्रिया करणे जिवावर बेतू शकते. इथे जनुकीय तपासणी आणि तज्ज्ञाचा सल्ला आधी.

दुसरा गट रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांचा, उदाहरणार्थ फॅक्टर फाइव्ह लायडेन. अशा घरातल्या रुग्णाची शीर बंद करता येते, पण आधी आणि नंतर गुठळी टाळण्याचे औषध द्यावे का याचा विचार करावा लागतो.

तिसरा गट वाढीच्या वयात पाय सुजू लागलेल्या मुलामुलींचा. त्यांच्या पापण्या मी उजेडात नीट पाहतो. पापणीच्या आतल्या कडेवर केसांची दुसरी बारीक ओळ दिसली, तर तो कृष्णाकाठ यांनी लिहिलेल्या फॉक्स-सी-टू जनुकाचा विकार असण्याची दाट शक्यता असते, आणि मग शिरांबरोबर लसिका (लिम्फ) साचून येणाऱ्या सुजेचीही व्यवस्था करावी लागते.

शेवटचा प्रकार वारशाने येत नाही, तरी त्याला जनुकच कारणीभूत असते. जन्मापासून एकाच पायावर लालसर-जांभळा डाग, तोच पाय लांब-जाड आणि त्याच्याच बाहेरच्या बाजूला फुगलेल्या शिरा, याला क्लिपेल-ट्रेनोने म्हणतात. हा बदल गर्भात काही पेशींपुरताच घडलेला असतो, त्यामुळे आई-वडिलांनी स्वतःला दोष देण्याचे काही कारण नाही. अशा पायात खोल शिरा कधी कधी अपुऱ्या असतात आणि फुगलेल्या शिराच रक्त वर नेत असतात. त्या बंद केल्या तर पाय अधिक सुजतो.

आणि ज्यांच्या घोट्याजवळ पातळ कातडीखाली निळसर फुगे आहेत त्यांच्यासाठी: ते फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर उभे राहू नका, बसूही नका. आडवे व्हा, पाय छातीपेक्षा उंच धरा, स्वच्छ कापडाची घडी त्या जागी बोटांनी दाबून धरा आणि दहा मिनिटे उचलून पाहू नका. रक्त जवळजवळ नेहमीच थांबते. तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि डॉपलरची वेळ घेऊनच घरी या.